फणसाडच्या माळावर काय बांधावे?

रायगडच्या किनाऱ्यावरील वाळूचा लिलाव जवळजवळ पुरा झाला असून आता डोंगराची पाळी आली आहे. नागाव, काशीद, दिवेआगर येथील सुरूच्या बागांमागे जेवढे बांधता येईल तेवढे बांधून झाले. २०२० सालच्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा या सागरी पुलाचे उद्घाटन झाले. मुंबईची शनिवार-रविवारची सुटी त्यामुळे अलिबाग-मुरूडच्या दाराशी येऊन थांबली आहे. गर्दीने भरलेल्या किनाऱ्याकडे पाठ फिरवून हा प्रवासी पूर्वेकडे पाहतो तेव्हा त्याला फणसाडचे जंगल दिसते. आणि त्याच्या आधी ते गुंतवणूक करणाराला दिसलेले असते. ‘निसर्ग पर्यटन’ या नावाखाली जे काही तेथे उभे राहील, ते कोणाचे असेल, कोठे असेल आणि त्याचा भार कोण सोसेल, हा प्रश्न म्हणूनच आज विचारावयास हवा. बांधकाम झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला आपल्या देशात सहसा उत्तर मिळत नाही.

फणसाड हे मुरूड व रोहे तालुक्यांत पसरलेले, पन्नास चौरस किलोमीटरांहून मोठे अभयारण्य. जंजिरा संस्थानच्या काळात ते नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि रान सरकारचे झाले. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे शेकरू आहे, बिबट्या आहे, सांबर, भेकर व पिसोरी आहे, गिधाडे आहेत. ऐन, किंजळ, जांभूळ, सुरंगी यांच्या दाटीत हात-दोन हात लांबीच्या शेंगांची गारंबीची प्रचंड वेल आहे. परंतु या सर्व कागदोपत्री इतिहासात एक गोष्ट कधीच नव्हती. नबाबाने शिकार राखली तेव्हा, सरकारने रान ताब्यात घेतले तेव्हा आणि अभयारण्य झाले तेव्हा, सभोवारच्या वाड्यावस्त्यांतील कातकरी, ठाकूर, धनगर, कुणबी यांना कोणीही काही विचारले नाही. तीनही वेळा त्यांना केवळ कळविण्यात आले. चौथ्या वेळी, म्हणजे पर्यटनाच्या वेळी, तेच होऊ द्यावयाचे काय?

माळ मोकळा नसतो

फणसाड म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गर्द झाडी येते. पण या डोंगरांचा माथा बऱ्याच ठिकाणी गवताळ माळांचा आहे. जांभ्या दगडावर वीत-दीड वीत माती, तिच्यावर पावसाळ्यात कमरेएवढे गवत आणि रानफुले, उन्हाळ्यात पिवळी काडी. वाटेल त्याला वाटावे की येथे काही नाही. आपल्या महसुली भाषेने हा गैरसमज पक्का केला. जिथे झाड नाही आणि पीक नाही ती जमीन ‘पडीक’, असे ती भाषा म्हणते. म्हणून कोणत्याही योजनेचा आराखडा पाहा, निवास, वाहनतळ, उपाहारगृह ही सारी माळावर दाखविलेली असतात आणि खाली अभिमानाने लिहिलेले असते की एकही झाड तोडले जाणार नाही. हे वाक्य खरे असते आणि तरीही फसवे असते. ज्या माळावर सांबरे रात्री चरतात, ज्यावर शिकारी पक्षी उंदीर शोधतात, ज्यातून पावसाचे पाणी मुरून खालच्या झऱ्यांना पोहोचते, तो माळ जंगलाचे अंगण नसून जंगलाचे अर्धे अंग आहे.

ही चूक आपल्याकडेच झाली असे नाही. अमेरिकेतील उंच गवताची कुरणे, ज्यांना तेथे ‘प्रेअरी’ म्हणतात, नांगराखाली गेली. आज मूळच्या चार टक्क्यांएवढीही उरलेली नाहीत. कॅन्सस राज्यात १९९६ साली त्यांतील एक तुकडा राष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. आकाराने तो फणसाडच्याच जवळपासचा, सुमारे ४४ चौरस किलोमीटरांचा. तेथे प्रवाशांसाठी उभारलेले केंद्र महामार्गाच्या कडेला, जुन्या गुरांच्या वाड्याच्या आवारात आहे. उघड्या कुरणात नाही. जे आधीच बांधलेले आहे त्याच्याशेजारी बांधा आणि जे मोकळे आहे ते मोकळे ठेवा, हा साधा नियम त्या भांडवलशाही देशालाही सारे गमावल्यानंतर सुचला. आपण गमावण्यापूर्वी तो शिकावा.

पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. नुकसान हे पावलांच्या संख्येबरोबर समप्रमाणात वाढत नाही. अस्पर्श जमिनीवर पहिल्या थोड्या पावलांनीच बहुतेक नुकसान होऊन जाते. त्यानंतर त्याच वाटेवरून दसपट माणसे गेली तरी भर थोडीच पडते. याचा अर्थ असा की शंभर माणसे माळभर विखुरली तर शंभर ठिकाणी जमीन दबते, माती घट्ट होऊन पाणी मुरणे थांबते, आणि कोकणातल्या पावसात त्या प्रत्येक दबलेल्या रेषेचा ओघळ होतो. तीच शंभर माणसे एका आखलेल्या पाऊलवाटेने गेली तर नुकसान त्या वाटेपुरते राहते. म्हणून ‘प्रवाशांना मुक्त संचार’ ही माळावरील सर्वात महाग चैन होय. आणि मोटारीचे चाक तर पावलाच्या कितीतरी पटीने जड. पावसाळ्यात एकदा पडलेली चाकोरी जांभ्याच्या पातळ मातीत पुढे अनेक वर्षे दिसते.

पाण्याचा हिशेब

फणसाडमध्ये नैसर्गिक पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणगाण ही नावे तेथे येणाऱ्या प्रत्येक पक्षिनिरीक्षकाला ठाऊक असतात. एप्रिल-मे महिन्यांत रानातील जनावरांचे आयुष्य या गाणांवर तोललेले असते. आणि शाळांच्या सुट्या लागून गर्दी वाढते तीही याच महिन्यांत. जेव्हा पाणी सर्वांत कमी तेव्हा माणसे सर्वांत जास्त, अशी ही व्यवस्था आहे.

आता थोडे अंकगणित. ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पुरवावे असे जलजीवन योजनेचे प्रमाण आहे. तेवढेही पाणी कोकणातल्या किती वाड्यांना मे महिन्यात मिळते ते कार्यकर्त्यांना सांगावयास नको. हॉटेलसाठी मात्र प्रत्येक खाटेमागे १८० लिटर धरावेत असे भारतीय मानक सांगते. शंभर खाटांचे एक विश्रामस्थान म्हणजे दिवसाला १८,००० लिटर, म्हणजेच सरकारी प्रमाणाने सव्वातीनशेहून अधिक गावकऱ्यांचे पाणी. हे पाणी आकाशातून येत नाही. ते त्याच डोंगरातल्या विंधनविहिरीतून, म्हणजे खालच्या वाडीच्या विहिरीतून आणि वरच्या गाणातून उपसले जाते. विश्रामस्थानाच्या ताळेबंदात त्याची किंमत केवळ पंपाच्या विजेएवढी दिसते. उरलेली किंमत डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई भरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यालाच बाह्य खर्च म्हणतात; साध्या मराठीत त्याला दुसऱ्याच्या ताटातले जेवणे म्हणतात.

पाणी जाते तसे सांडपाणी येते. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात खणलेल्या शोषखड्ड्यातील घाण गाळली न जाता झपाट्याने खाली उतरते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यात निघते. माळावर बांधलेले शौचालय हे म्हणून गावाच्या पिण्याच्या पाण्यात बांधलेले शौचालय असते.

कायद्याचे एक दार मिटले, दुसरे उघडले

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३३ व्या कलमानुसार अभयारण्यात व्यापारी पर्यटन-निवास वा हॉटेल बांधावयाचे तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वसंमती लागते. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात सरकारी निवासांचाही स्पष्ट समावेश केला, म्हणजे व्यापारासाठी बांधणारे सरकार असले तरी सूट नाही. हे चांगले झाले. पण २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना ‘वनेतर वापर’ या व्याख्येतूनच वगळले. सोय आराखड्यात लिहिली की ती जंगलाचाच भाग ठरते, अशी ही किमया आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की लढाईचे ठिकाण आता बदलले आहे. परवानगीच्या अर्जावर हरकत घेत बसण्यापेक्षा आराखडा तयार होत असतानाच तेथे हजर राहिले पाहिजे.

आणि येथे कायद्यानेच आपल्या हाती एक साधन दिले आहे. अनुसूचित क्षेत्रात किंवा जेथे २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे तेथे अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार झाला पाहिजे, असे २०२२ च्या त्याच दुरुस्तीने म्हटले आहे. अभयारण्याभोवतीच्या प्रत्येक ग्रामसभेने हा आराखडा मराठीत मागावा, वाचून घ्यावा आणि त्यावर ठराव करावा. हे काम पक्षाच्या कार्यकर्त्याशिवाय दुसरे कोण करणार?

मग बांधावे काय?

केवळ ‘नको’ म्हणणे हे धोरण नव्हे. माणसांनी जंगल पाहावे, त्यांना ते कळावे, यात वाईट काही नाही. ज्याने पिसोरी कधी ऐकलीच नाही तो तिच्यासाठी मतपेटीपर्यंत जाणार नाही. प्रश्न सोयीच्या रचनेचा आहे, आणि रचना ही केवळ वास्तुशास्त्रज्ञाची बाब नसून वाटपाची बाब आहे.

पहिले तत्त्व असे की झोपणे, जेवणे आणि मोटार उभी करणे ही तीन कामे अभयारण्याच्या बाहेर, वस्तीच्या गावठाणात व्हावीत. सुपेगावच्या बाजूने अभयारण्यात प्रवेश आहे आणि वनखात्याने पूर्वीच त्या बाजूला तंबूनिवास उभारलेले आहेत. जी काही भर घालावयाची ती आधी वापरात आलेल्या अशा जागेतच घालावी. नव्या माळावर एक खुंटीही नको.

दुसरे तत्त्व, आत जे असेल ते उचलून नेता येण्यासारखे असावे. पाऊलवाट, न चुनाविटांनी रचलेले जांभ्याचे बसावयाचे कट्टे, पाणवठ्यापासून दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून केलेली एखाद-दुसरी आडोशाची जागा, एवढे पुरे. सिमेंटचा पाया, काचेचा मनोरा आणि रात्रीचे दिवे नकोत. रात्र ही तेथल्या प्राण्यांची कामाची वेळ आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले तेव्हा घरांचे पत्रे उडाले आणि झाडे मुळासकट आडवी झाली. डोंगरमाथ्यावर पत्र्याचे छप्पर ठोकणारा आराखडा त्या दिवसाची आठवण न ठेवता केलेला असतो. पावसाळ्याचे चार महिने जे काढून गावात ठेवता येत नाही ते माळावर उभारू नये, हाच कस लावावा. शौचालय असावे ते प्रवेशद्वारी, कोरडे, मैल्याचे खत होणारे, आणि ते साफ करणाऱ्या माणसाला नियमित वेतन व संरक्षक साधने देणारे. ‘निसर्गस्नेही’ सोयीची घाण कोणत्या जातीच्या हातांनी उचलली जाते, हे विचारल्याशिवाय आपण तिला स्नेही म्हणू नये.

तिसरे तत्त्व चराईचे. साताऱ्याच्या कास पठाराला पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, गर्दी लोटली, आणि फुले वाचविण्यासाठी तारेचे कुंपण आले. गुरे बंद झाली, गवत माजले, आणि फुलेच कमी होऊ लागल्याची तक्रार भोवतालच्या गावांनी केली. पुढे ते कुंपण काढावे लागले. बेसुमार चराईने माळ मरतो हे खरे, पण माळ आणि गुरे यांचे नाते शेकडो वर्षांचे आहे. ते तोडण्याचा निर्णय शहरात बसून घेऊ नये. माळाचे आरोग्य ज्याला प्रथम कळते तो धनगर आहे. व्यवस्थापनाच्या बैठकीत त्याला खुर्ची असली पाहिजे.

राहण्याच्या सोयीसाठी फार दूर पाहावयास नको. हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला येऊन बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास लागते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तेथे २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास येणारा प्रवासी गावकऱ्यांच्याच घरी उतरतो, त्यांच्याच चुलीवरचे जेवतो. नवीन इमारत लागली नाही, किनारा विकावा लागला नाही, आणि ज्या अंड्यांना पूर्वी चोरीचे भय होते त्यांचे रक्षण गावाचे हित बनले.

गावही एकजिनसी नाही

परंतु वेळासचे गोडवे गाऊन थांबणे समाजवाद्याला शोभणार नाही. ज्याच्याकडे पक्के घर, जादा खोली आणि शौचालय आहे तोच पाहुणा ठेवू शकतो. कातकऱ्याच्या झोपडीत कोण उतरणार? घरगुती निवासाचे धोरण जसेच्या तसे लावले तर गावातला सधन अधिक सधन होईल आणि ज्यांनी रान सर्वांत अधिक गमावले ते पाहुण्यांची भांडी घासतील. म्हणून निवासाच्या सोयीचा एक भाग सामाईक असावा. ग्रामसभेच्या मालकीचे, महिला बचत गट वा सहकारी संस्थेने चालविलेले पाहुणेघर गावठाणात असावे. वाटाड्यांच्या कामात आदिवासी वाड्यांतील तरुण-तरुणींना पहिला हक्क असावा, कारण पायाचा ठसा वाचण्याची विद्या त्यांच्याकडे आहे. आणि हे काम रोजंदारीचे नव्हे तर वर्षभराच्या वेतनाचे असावे, ज्यात पावसाळ्याचे चार महिने वाटांची व पाणवठ्यांची डागडुजी होईल. प्रवेशशुल्काचा ठरावीक वाटा ग्रामसभांच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांची संख्या मर्यादित ठेवावयाची तर ती कशी? बाजाराचे उत्तर तयार असते: शुल्क वाढवा, गर्दी आपोआप कमी होईल. होईल खरी, पण राहील तो फक्त मोटारवाला. नबाबाचे शिकारीचे रान पुन्हा धनिकांचे खाजगी उपवन होईल, बंदुकीच्या जागी कॅमेरा एवढाच फरक. संख्या मर्यादित ठेवणे आणि किंमत वाढविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसाचा आकडा माळाच्या व पाण्याच्या ताकदीवरून ठरवावा, ऋतूप्रमाणे बदलावा. आणि तो आकडा रांगेने वाटावा, लिलावाने नव्हे. काही जागा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी व आश्रमशाळांसाठी विनामूल्य राखाव्यात. प्रवेशद्वाराजवळ वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसालाही जाता येईल अशी एक सपाट, छोटी वाट करावी. एस.टी.ने आलेल्या गिरणी कामगाराच्या नातवाला शेकरू दिसला पाहिजे. ते मोटारीतून आलेल्याचेच शेकरू नाही.

आपल्यातील काही साथी म्हणतील की जिथे तरुण मुंबईला चाललेत तिथे रोजगार देणारा कोणताही प्रकल्प स्वागतार्ह आहे. त्यांनी काशीदच्या रस्त्यावर उभे राहून एक हिशेब करावा: मालक कोठला, व्यवस्थापक कोठला, आणि पहारेकरी व झाडूवाली कोठली? नफा मुंबईला जातो आणि कचरा गावात राहतो, अशा रोजगाराने स्थलांतर थांबत नाही. दुसरे काही साथी म्हणतील की अभयारण्य ही सुखवस्तूंची हौस आहे, आपण त्यात का पडावे? त्यांना एवढेच सांगावयाचे की मुरूड शहराच्या नळाला येणारे गारंबीचे पाणी याच डोंगरांतून येते. माळ ही श्रमिकांच्या पाण्याची टाकी आहे. तिचा ताबा सोडणे हे क्रांतिकारकत्व नव्हे.

या जिल्ह्याला रानाच्या हक्कासाठी लढण्याची सवय नवीन नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रहात आठ जणांनी प्राण दिले. रान लोकांचे आहे, एवढेच ते सांगत होते. रान लोकांचे असणे म्हणजे ते कोणीही तुडवावे असे नव्हे; ते कसे वापरावे आणि कोठे थांबावे हे लोकांनी मिळून ठरवावे, असा त्याचा अर्थ. येत्या ग्रामसभांत मुरूड व रोहे तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी चार ठराव मांडावेत: व्यवस्थापन आराखडा मराठीत मिळावा, माळावर व गाणांच्या आसपास कोणतेही कायम बांधकाम होऊ नये, निवास गावठाणात आणि सामाईक मालकीचा असावा, आणि प्रवेशाची संख्या रांगेने वाटली जावी. आराखड्याची शाई ओली आहे तोवरच हे शक्य आहे. सिमेंट एकदा वाळले की ठरावाने फुटत नाही.